नाय म्हाराजा

आमच्या घरात गाडी कधीच नव्हती, पण गाड्यांचे कपडे मात्र घरभर पडलेले असत. मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात, एसटीच्या थांब्यासमोर, माझ्या वडिलांचं कुशनचं दुकान होतं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. रिक्षांची हुडं, ट्रकच्या गाद्या आणि जीप-मोटारींची सीट कव्हरं ते शिवत. दुकान पुढे आणि घर मागे, मधे एक पडदा, तोसुद्धा कुणाच्या तरी गाडीतून उरलेल्या कापडाचा. रेक्झिन उन्हानं तापलं की त्याला एक उग्र वास सुटतो. तो वास आणि आईच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या सुकटीचा वास, हे दोन्ही मिळून आमचं घर. आजही कुणाच्या नव्याकोऱ्या गाडीत बसले की लोक म्हणतात, काय छान नवा वास आहे ना. मला सुकट आठवते आणि भूक लागते. हे मी त्यांना सांगत नाही, कारण अशा गाड्यांत मी सहसा भांडायलाच बसलेली असते.

आबांचं मशीन दिवसभर चालायचं. त्या आवाजाची घरातल्या सगळ्यांना इतकी सवय, की ते थांबलं तरच आम्ही मान वर करून बघायचो. मशीन थांबलं म्हणजे आबा एकतर विचारात पडलेत, नाहीतर चिडलेत. मी कॉलेजातून आले की पेजेची नाहीतर कुळथाच्या पिठीची वाटी संपवून त्यांच्या शेजारी बसायची आणि पायपिंग करून द्यायची. कव्हराच्या कडेला जी गोल, फुगीर पट्टी असते, ती. हात सरळ चालायचा नाही, पण तोंड चांगलं चालायचं. आई म्हणायची, "कुंदाच्या जिभेक हाड नाय." मला ती तक्रार कधी वाटलीच नाही. घरात एकाने तरी बोलायला हवं होतं. आबा गिऱ्हाइकाला कधी ‘नाही’ म्हणत नसत आणि आई तिच्या भावाला.

तिचा भाऊ म्हणजे आमचा भाईमामा. देवगडला त्याच्या हापूसच्या बागा. आवाज मोठा, हात सैल, मन चांगलं. तो आला की पडद्याच्या आतपर्यंत ऐकू यायचं, "ताये, काय रांदलंस गो?" त्याची एकुलती एक मुलगी शैला माझ्याहून थोडी मोठी. मालवणला शिक्षिकेचा कोर्स करत होती आणि सुट्टीला घरी जाता-येता आमच्याकडे उतरायची. बांगड्याचं डोकं चोखून खाणारी दुसरी इतकी रसिक मुलगी मी पाहिली नाही. कालवणातली सगळी डोकी तिच्या ताटात जायची आणि ती एकेक काटा निवांतपणे बाजूला रचत, तोंडाने मास्तरणीसारख्या सूचना देत, तासभर जेवायची. मामाने पहिली मोटार घेतली तेव्हा तिची कव्हरं अर्थातच आबांनी शिवली. निळी, पांढऱ्या पायपिंगची. त्यातली डावीकडची वाकडी शिवण माझी.

आमच्याकडे गाडी आली की तिचं कौतुक कसं व्हायचं, हे सांगायला हवं. चाकाखाली लिंबू, पुढे झेंडूची माळ, डॅशबोर्डवर देव. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक मळेपर्यंत काढायचं नाही. आणि मागची सीट घरातल्या सोफ्यासारखी गुबगुबीत, सपाट, एकसंध दिसली पाहिजे. त्यासाठी मागे बसणाऱ्यांचे जे सीट बेल्टचे पट्टे असत, ते फोमच्या खाली ढकलून द्यायचे आणि वरून कव्हर ताणून शिवायचं. "ते टोचतत," असं प्रत्येक जण सांगायचा. आबांना आता कुणी सांगावंही लागत नसे. ते पट्टे गुंडाळायचे, सुटू नयेत म्हणून दोऱ्याची गाठ मारायचे आणि आत सारायचे. पुढचे दोन तेवढे बाहेर ठेवत, कारण पुढच्यांना पोलीस धरतो.

त्या शनिवारी मामा शैलाला मालवणहून घेऊन देवगडला निघाला होता. आचऱ्याच्या पुढच्या एका वळणावर म्हैस आडवी आली. ड्रायव्हरने गाडी वळवली आणि ती चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणावर जाऊन आदळली. ड्रायव्हर आणि मामा पुढे पट्टा लावून बसले होते. दोघेही खरचटून, लंगडत, पण आपल्या पायांनी बाहेर आले. शैला मागच्या सीटवरून उडून पुढच्या सीटच्या मागच्या लोखंडावर तोंडावर आपटली. जबडा मोडला. डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, ती गेलीच.

गोव्याच्या इस्पितळातून सुटल्यावर तिला आमच्याकडे आणलं, कारण मामी नव्हती आणि माझ्या आईशिवाय तिला भरवणार कोण? तिचे दात तारेने बांधलेले होते. आई पेज गाळून, अगदी पाण्यासारखी करून, गालाच्या कोपऱ्यातून चमच्याने सोडायची. घरात बांगडे तळले की तो वास आतल्या खोलीत जाई आणि शैलाच्या चांगल्या डोळ्यातून पाणी येई. मग आईने तळण बंदच केलं. बघायला येणारे चटईवर बसत, चहा पीत आणि सगळे जण एकच वाक्य बोलत. "देवान वाचवल्यान." मी ते वाक्य इतक्या वेळा ऐकलं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. देवाने वाचवलं, म्हशीने घात केला, कुणाची तरी नजर लागली. सगळ्यांची नावं निघत होती आणि सगळे मान हलवून घरी जात होते.

मोडलेली गाडी कट्ट्याच्याच एका गॅरेजच्या मागे आणून टाकली होती. आबांनी मला तिकडे पाठवलं, कारण कव्हरं बरी असली तर काढून आणायची होती. चांगलं रेक्झिन वाया घालवणं त्यांना जमायचं नाही. पुढची फाटली होती. मागचं कव्हर मात्र जसंच्या तसं. मी त्याच्या कडा सोडवल्या, फोम उचलला, आणि खाली ते पट्टे होते. गुंडाळलेले. काळे, कोरे, एक सुरकुती नाही. त्यांच्याभोवती निळ्या दोऱ्याची आबांची गाठ, जी मी कुठेही ओळखली असती. मी तिथेच फोमवर बसले. शैला जिथे बसली होती, तिच्या अगदी खाली तिचा जबडा आणि तिचा डोळा बांधून ठेवलेला होता, आणि ती त्याच्यावर बसून आचऱ्यापर्यंत गप्पा मारत गेली होती. मला रडू आलं नाही. संताप आला. तो संताप अजून गेलेला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्यावरच माझी पुढची सगळी नोकरी-चाकरी, कज्जे-खटले चाललेले आहेत.

ते पट्टे गाठीसकट कापून मी घरी आणले आणि मशीनवर ठेवले. मशीन थांबलं.

"आबा, ही गाठ तुमची मां?"

"भाईन सांगल्यान, मी केलंय," आबा म्हणाले. "गिऱ्हाईक सांगता तसा करूचा लागता."

"गिऱ्हाईकान सांगल्यान बिरेक काढून टाक, तर काढशात?"

"बिरेकाचा काम माझा नाय. माझा काम शिवणाचा."

"मगे शिवणानच तिचा तोंड मोडला."

आई पडद्यामागून धावत आली. "गप रव गो! भाईन ऐकल्यान तर काय म्हणात?" आबांनी पट्ट्यावरून एकदा हात फिरवला, रेक्झिनची जात तपासतात तसा, आणि पट्टे बाकाखाली ठेवले. बराच वेळ मशीन सुरू झालं नाही. शैलाला मी त्याच दिवशी सांगितलं. तिने चांगल्या डोळ्याने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी पेज घेताना बांधलेल्या दातांतून ती कशीबशी म्हणाली, "बाबांका सांगू नको." तिचं बरोबर होतं. मामा तिच्यासाठी जीव टाकत होता. पण मी हो म्हटलं नाही.

तारा निघाल्या, पावसाळा सरला, आणि मामाने नवी गाडी घेतली. मोठी, उंच, पांढरी. ती त्याने थेट आमच्या दारात आणून उभी केली, कारण कव्हरं आबांचीच हवी होती. या वेळी लाल रंग आणि पिवळसर पायपिंग. याच गाडीतून शैला आता आपल्या घरी जाणार होती, मागच्या सीटवर, उशीला टेकून, त्याच रस्त्याने, त्याच गडग्याजवळून. मामाने कव्हराची सूचना दिली तेव्हा मी तिथेच होते. "मागे एकदम सपाट होवंदे भावोजी. चेडवाक टोचूक नको." चेडू म्हणजे पोर, त्याची शैला.

मी म्हटलं, "मामा, मागचे पट्टे भायर ठेवूया."

मामा हसला. अगदी मनापासून हसला. "पट्टे लावून बसूक ती काय दावणीची गुरा? तेव्हा म्हस आडवी इली म्हणान झाला. आता येवची नाय. मी देवाक सांगतलंय."

मी त्या कव्हराचं पायपिंग केलं नाही. हात आवरून बसले. आईने केलं, माझ्यापेक्षा सरळ.

आमच्या गावच्या देवळात कुठलंही मोठं काम गाऱ्हाणं घातल्याशिवाय होत नाही. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी खणखणीत आवाजात केलेली बोलणी. एक जण देवाला काय हवं ते सांगतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून पाठिंबा देतात. आमच्याकडे गाऱ्हाणं घालायचा मान तात्यांचा. किडकिडीत म्हातारा, पण आवाज असा की नारळाच्या झाडावरचे कावळे उडावेत. सकाळची वेळ होती. देवळाच्या अंगणात गाडी उभी, चाकाखाली लिंबं, माळ घातलेली. शैला मागच्या सीटवर शाल पांघरून बसलेली, दार उघडं. आबा त्यांची पिशवी घेऊन आले होते, एखादा धागा सुटला तर म्हणून. मी बायकांमध्ये, आईच्या शेजारी. तात्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! देवगडचो तुझो पावणो आज नवी गाडी घेवन तुझ्या दारात उभो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"मागे जा काय झाला ता झाला! आता ह्या गाडयेत जो कोण बसात, तेच्या केसाक धक्को लागू देव नको!"

"व्हय म्हाराजा!"

"आमी तुझी लेकरा. आमच्या हातात काय्येक नाय. राखण करणारो तू एकलो!"

"नाय म्हाराजा," मी म्हटलं.

मी ओरडले नाही. पण बाकीचे अजून श्वास घेत होते आणि माझा आवाज तेवढा त्या मोकळ्या जागेत पडला. आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो पुढे आठवडाभर निळा होता. तात्यांचे मिटलेले डोळे उघडले. मामा वळून म्हणाला, "भावोजी, ह्या चेडवाक आधी घराक न्या."

"थांब रे भाई," तात्या म्हणाले. "गाऱ्हाणा अर्ध्यार ऱ्हवला. नायचो निवाडो झाल्याबिगर नारळ फुटाचो नाय नि गाडी हलाची नाय." ही आमच्या गावची रीत, आणि तिच्यापुढे मामाच्या मोठ्या आवाजाचं काही चालणारं नव्हतं. अर्धवट गाऱ्हाणं टाकून निघालेली गाडी कुणीच रस्त्याला लावली नसती. तात्या माझ्याकडे वळले. "सांग गो बाय. नाय कित्याक?"

आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं होतं, की मी बोलेपर्यंत सगळ्यांना थांबावंच लागणार होतं. "आमच्या हातात काय्येक नाय, ह्या खोटा आसा तात्यानू," मी म्हटलं. "राखणीचो पट्टो गाडयेबरोबरच इलोहा. तो आमीच रेक्झिनाखाली पुरून ठेवलाव. मागच्या गाडयेतय असोच पुरलेलो होतो. मामाक फुडे पट्टो होतो, मामा चालान भायर इलो. शैलाक मागे नाय होतो. आता पुन्यांदा पुरूचा आनि देवाक सांगूचा, तू बघ. ह्या देवाक तरी बरा वाटात?"

मामाचा चेहरा मी बघितला आणि क्षणभर वाटलं, बोलायला नको होतं. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, आणि भाईमामा हळू बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं, "म्हंजे माझ्या चेडवाचा तोंड मिया मोडलंय?"

"मागचा जावंदे मामा," मी म्हटलं. "आता काय करतालात, ता सांगा."

उत्तर गाडीतून आलं. तारा निघाल्यापासून शैला जेमतेम दोन शब्द बोलायची, तेही तोंडावर पदर घेऊन. तिने शाल बाजूला केली आणि एवढ्या माणसांसमोर, वाकड्या झालेल्या जबड्याने म्हणाली, "बाबानू, माका पट्टो व्हयो."

मी आबांच्या पिशवीतून कात्री ओढली आणि गाडीत चढले. त्या लाल, तुकतुकीत, कालच शिवून झालेल्या कव्हरात कात्री खुपसताना जो आनंद झाला, तो मला पुढे कुठलाही खटला जिंकून झाला नाही. अर्थात मी कापलं ते वेडंवाकडं, उंदराने कुरतडल्यासारखं. मागून आबांचा आवाज आला, "अगो, सरळ काप! दी हंय ती कातर. फाटको काम माझ्या नावार नको." ते आत आले, मला बाजूला सारलं, आणि जिथे जिथे पट्टा आणि त्याचा खटका वर यायला हवा तिथे बेताने, सरळ काप घेतला. दोऱ्याची गाठ दाताने तोडली. पट्टा वर आला. खटक्यात फोमचा चुरा गेला होता, तो आबांनी फुंकून काढला.

पुढचं इथेच सांगून टाकते, कारण शेवट मला त्या अंगणातच करायचा आहे. त्या दिवसानंतर आबा प्रत्येक कव्हराला पट्ट्यांसाठी काज करू लागले, सदऱ्याला असतं तसं, कडेने पायपिंग मारून. "सपाट करून दी," म्हणणारी बरीच गिऱ्हाइकं समोरच्या नव्या दुकानात गेली. आबा त्यांना म्हणायचे, "माझ्याकडे असाच मिळात." गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायला ते त्या वयात शिकले आणि त्यांना ते आवडलं, असा मला दाट संशय आहे. मी कोल्हापूरला कायदा शिकले आणि गिऱ्हाइकांच्या बाजूने गाड्यांच्या कंपन्यांशी भांडायला लागले. बिघडलेले ब्रेक, कागदाइतके पातळ पत्रे, परदेशात देतात आणि आम्हाला देत नाहीत त्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅगा. आता केसांत काळं शोधावं लागतं, तरी तेच करते. मोठमोठ्या थंडगार सभागृहांत छान कपड्यांतली माणसं मला आजही सांगतात, "मॅडम, आमच्या ग्राहकालाच ते नको असतं." मला आबांचं ‘गिऱ्हाईक सांगता तसा करूचा लागता’ ऐकू येतं. आणि बाजारात आजही पट्ट्याचा गजर गप्प करणारा खोटा खटका खुशाल मिळतो, लोक हवेच्या पिशवीच्या झाकणावरच देव चिकटवतात आणि त्यालाच राखण कर म्हणतात. मी भाषणात हे सांगते तेव्हा काही जण म्हणतात, तुम्ही श्रद्धेची थट्टा करता. ज्यांनी मला ‘नाय’ म्हणायची जागा दिली ते देवळातले होते, हे त्यांना कुठे माहीत?

तर अंगणात सगळे तसेच उभे होते. शैलाने पट्टा ओढला. तो तिच्या शालीवरून आला आणि खटका वाजला. छोटासाच आवाज, पण तात्यांनी तो संपेपर्यंत वाट बघितली. मामा पुढच्या दाराशी उभा होता, त्याने मागे वाकून पट्टा एकदा ओढून पाहिला. "घट आसा मां गो?" शैलाने मान हलवली. मग तात्यांनी पुन्हा डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! हेंच्यान होता तितकी राखण हेनी केल्यानी हा! उरलेली तू सांभाळ!"

त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली ती मागच्या सीटवरून शैला. मग मीही म्हणाले.